शिलाँग : रॉक कॅपिटल वगैरे ठीक आहे, पण...

गुरुवार

भाच्याबरोबर शिलाँगला जायचं ठरलं ते दोघांच्या दोन वेगळ्या कारणांनी. माझं कारण रॉक, शिलाँगला भारताची रॉक कॅपिटल म्हणतात ना. आमची पिढी म्हणजे पेन्सिलीने कॅसेट गुंडाळणारी, त्यात पुण्यात २०१० ला एनएच७ वीकेंडर हा म्युझिक फेस्टिवल सुरू झाला आणि तिथे एका वर्षी मी सोलमेट हा शिलाँगचा ब्लूज बँड ऐकला, रूडी वालांगची गिटार आणि टिप्रिती खरबंगारचा तो आवाज, आपल्या देशातलं कोणी ब्लूज असं गाताना मी त्याआधी ऐकलंच नव्हतं, तेव्हापासून डोक्यात होतं की हे लोक जिथून येतात ते गाव एकदा बघायचं. भाचा १९ वर्षांचा, कॉलेजच्या फिरोदिया करंडक या स्पर्धेच्या टीमला म्युझिक करून देतो, रात्री दोन वाजता लॅपटॉपवर बीट बनवत बसतो, आणि त्याच्या मते रॉक हा मावशीलोकांचा विषय आहे. त्याला खासी, म्हणजे तिथल्या लोकांच्या भाषेतलं, रॅप ऐकायचं होतं आणि एक सेकंडहँड जॅकेट घ्यायचं होतं. बस.

नोव्हेंबरचा शेवट गाठला, मुद्दाम चेरी ब्लॉसम फेस्टिवल होऊन गेल्यावर. इथली चेरी हिमालयन, ती जपानसारखी वसंतात न फुलता नोव्हेंबरमध्ये फुलते, त्यावरून २०१६ पासून हा फेस्टिवल चालू आहे आणि आता तो इतका मोठा झालाय की २०२४ ला अ‍ॅकॉन आणि बोनी एम येऊन गेले. त्या दिवसांत हॉटेलं मिळत नाहीत, मिळाली तर रेट ऐकून परत फिरावं वाटतं. आणि मला शहर रोजच्या कपड्यात बघायचं होतं.

गुवाहाटीहून शेअर सुमो केली. शंभर-एक किलोमीटर, रस्ता झकास, उमियमचं तळं आल्यावर सगळे फोटो काढायला उतरतात तसे आम्हीही उतरलो, त्यावर वेगळं काय लिहायचं. एक गोष्ट मात्र आधी कोणी सांगितली नव्हती, साडेचारला सूर्य मावळला. म्हणजे खराखुरा मावळला, पाचला मिट्ट काळोख. घड्याळ आपलंच पण सूर्य पूर्वेचा. त्यामुळे इथली सगळी संध्याकाळ दोन-तीन तास अलीकडे सरकलेली असते, गाणीबजावणी चारला सुरू आणि आठ-साडेआठला लोक घरी. पुण्यात आठला आम्ही कुठे जायचं यावर चर्चा सुरू करतो.

होमस्टे लायतुमख्रामध्ये. मालकीणबाईंना काँग म्हणायचं, म्हणजे ताई, आणि वयाने मोठ्या पुरुषाला बाह. भाच्याने पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांना काँग-बाह करून टाकलं आणि त्याला जास्तीचा भात मिळाला. काँगच्या घरात हॉलमध्ये टीव्हीशेजारी दोन गिटारी आणि एक कीबोर्ड. मी विचारलं घरात कोण वाजवतं, तर तिला प्रश्नच नीट कळला नाही बहुतेक. सगळेच, म्हणाली.

शुक्रवार

लायतुमख्रा हा शाळाकॉलेजांचा भाग. सेंट एडमंड्स, सेंट अँथनीज, सेंट मेरीज सगळं एकाच पट्ट्यात, वर ते मोठं निळं कॅथेड्रल, आणि सकाळी आठ ते दहा तिथल्या एखाद्या चहाच्या दुकानात नुसतं बसून राहिलं तरी पैसे वसूल. मुलामुलींचे कपडे बघून मी गप्प झाले. महागडे नाहीत हां, ब्रँड वगैरे मिरवणं अजिबात नाही, पण मापात. ढगळ पँट असेल तर ती ढगळ ठरवून आहे, वरचा कोट खांद्यावर बरोब्बर बसलेला, बूट जुने पण पॉलिश केलेले. एक मुलगी आजीचा वाटावा असा लोकरीचा स्वेटर, खाली कॉलेजच्या युनिफॉर्मचा स्कर्ट आणि पायात जाडजूड काळे बूट घालून चालली होती आणि ते सगळं एकत्र भारी दिसत होतं. मी फोटो काढायला फोन उचलला तर भाचा म्हणाला, मावशी प्लीज, असं नसतं करायचं, लोकं काय प्रदर्शनात ठेवलीयत का. बरं.

दुपारी एका कॅफेत ओपन माइक होता. तीस-पस्तीस जण, बाहेर पाऊस नसून सुद्धा सगळीकडे ओलसर थंडी, आत पोर्क मोमो आणि कॉफीचा वास. मी मनात लू माजॉ वगैरे घेऊन बसलेली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लू माजॉ हे इथले रॉकचे आजोबा, जन्म १९४७ चा, अर्धी डेनिम चड्डी आणि दोन पायांत दोन रंगांचे मोजे हा त्यांचा कायमचा पोशाख, १९७२ पासून दर २४ मेला बॉब डिलनचा वाढदिवस इथे गाऊन साजरा करतात. डिलनला नोबेल मिळायच्या कितीतरी आधीपासून. तर मला वाटलं तशीच पोरं असतील, लांब केस, गिटार सोलो.

पहिल्या मुलाने गिटारवर स्वतःचं एक हळू गाणं म्हटलं, खासीत. दुसरी मुलगी कीबोर्डवर, सोल म्युझिकला शोभेल असा आवाज. तिसरे दोघं रॅप. मग परत एक रॅप. मग चार मुलींनी मिळून माइकशिवाय हार्मनीत एक कोरियन गाणं म्हटलं आणि कॅफे वेडा झाला. इलेक्ट्रिक गिटार कोपऱ्यात स्टँडवर होती, ती कोणी उचलली नाही. एका टुरिस्ट टेबलावरून, आपलेच लोक, मराठीच, नागपूरकडचे वाटले, ईगल्सचं ते जगातल्या प्रत्येक रेस्टॉरंटमध्ये वाजणारं गाणं वाजवा म्हणून दोनदा ओरडून झालं. स्टेजवरचा मुलगा हसला आणि पुढचं स्वतःचंच म्हणाला.

नंतर त्या रॅपवाल्या दोघांशी बसून बोललो. भाच्याने बोलायला सुरुवात केली आणि मी ऐकत होते, त्यांचं हिंदी तोडकंमोडकं, इंग्लिश आमच्यापेक्षा चांगलं. रॉक कॅपिटलचा विषय मीच काढला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला की ते त्याच्या वडिलांचं आहे, वडील अजून पाहुणे आले की २००७ ला स्कॉर्पियन्स शिलाँगला आले होते ती गोष्ट सांगतात, आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये ब्रायन अ‍ॅडम्स येऊन गेल्यापासून तर दोन गोष्टी सांगतात. त्याला त्याचा राग नाही. पण बाहेरून येणारा प्रत्येक जण तेच शोधायला येतो आणि आम्ही समोर उभे असलो तरी आमच्या मागे बघतो, असं काहीसं तो म्हणाला, आणि मी कॉफीत साखर ढवळत बसले.

इथे खासी रॅपला आता बराच काळ झालाय, खासी ब्लड्झ हा ग्रुप पंधरा वर्षांपूर्वीपासूनचा. आणि आता रेबल आहे, जैंतिया हिल्सची मुलगी, इंग्लिशमधून फाडफाड रॅप करते आणि मधेच आपल्या भाषेत शिरते, भाच्याच्या फोनमध्ये ती आधीपासून होती. पण भाषेचं गणित या पोरांना छळतं. २०११ च्या जनगणनेत खासी बोलणारे साधारण १४ लाख. पुणे शहराच्या लोकसंख्येच्या निम्मेही नाहीत. म्हणजे उद्या प्रत्येक खासी माणसाने, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत, गाणं ऐकलं तरी व्ह्यूज १४ लाखांच्या पुढे जायला तेच लोक परत परत यायला हवेत. इंग्लिशमध्ये केलं तर सगळं जग समोर, पण मग जगातल्या सगळ्या इंग्लिश रॅपर्सच्या रांगेत शेवटी उभं राहायचं. त्यातला धाकटा म्हणाला, शिवी खासीत द्यायची आणि हुक, म्हणजे परत परत येणारी ओळ, इंग्लिशमध्ये. भाच्याने हे लगेच नोट्समध्ये लिहून घेतलं.

मला मराठी रॅपवाले आठवले. आपल्याकडे आठ कोटी लोक आहेत आणि तरी पोरं हिंदीकडे बघतात.

शनिवार

जॅकेटचा दिवस. काँगने सांगितलं होतं की चांगलं हवं असेल तर सकाळी जा, गाठी फुटतात तेव्हा. सेकंडहँड कपडे इथे मोठमोठ्या दाबून बांधलेल्या गाठींमधून येतात, विक्रेता गाठ अख्खी विकत घेतो, आत काय निघेल ते त्याचं नशीब. बडा बाजार म्हणजे इयोदुह, डोंगराच्या उतारावर पसरलेला जुना अवाढव्य बाजार, इतका अरुंद आणि इतका उभा की पाठीवर वेताची टोपली आणि कपाळाला तिचा पट्टा लावून हमाल मागून आला की भिंतीला चिकटूनच उभं राहायचं. बाजार बायकांच्या हातात आहे. खासींमध्ये आईकडून वंश चालतो, घर सगळ्यात धाकट्या मुलीकडे जातं, आणि बाजारात बसलेल्या बायकांच्या बोलण्यातच ते ऐकू येतं, भाव करायला गेलं की त्या तुमच्याकडे बघतात आणि तुम्ही आपोआप सांगितलेली रक्कम देता. तोंडात क्वाई, म्हणजे ओली सुपारी, पान आणि चुना. मी एक खाल्ली, कानशिलं तापली, थंडी गेली.

कपड्यांच्या गल्लीत सकाळी आठला कॉलेजची पोरं आधीच हजर. आणि हे काही गंमत म्हणून आलेले नव्हते, शिकारीला आलेले होते. एक मुलगी ढिगात हात घालून नुसत्या स्पर्शावर कापड ओळखत होती. बघायची नाही, ओढायची पण नाही, दोन बोटांत धरायची आणि सोडून द्यायची. लोकर. नाही. लोकर. नाही. सुती. मग एकदम एक कोट बाहेर. आतल्या लेबलावर कोरियन लिपी. कॉलरची शिवण बघितली, अस्तर उलटं करून बघितलं, बटणं मोजली, विक्रेत्याने साडेतीनशे सांगितले, तिने अडीचशे दिले. हिची इन्स्टावर थ्रिफ्टची, म्हणजे सेकंडहँड कपड्यांची, छोटी दुकानदारी आहे, म्हणजे इथून निवडायचं, धुवायचं, दुरुस्त करायचं, मैत्रिणीला घालून फोटो काढायचे आणि विकायचं. गिऱ्हाईक कुठलं विचारलं तर दिल्ली, बंगलोर, आणि तुमचं पुणे. कुरियरला पैसे खूप जातात म्हणाली, जड कोट परवडत नाहीत.

म्हणजे पुण्यातल्या कॅफेत जे दीड हजाराचं व्हिंटेज जॅकेट घालून पोरं बसतात त्यातली काही या ढिगातून आलेली आहेत. भाच्याला हे कळल्यावर तो जरा हबकला, कारण त्याने एक तसं घेतलंय.

त्याला पाहिजे ते जॅकेट मिळालं. काळपट हिरवं, बाह्या लांब. बाजारातच शिंप्याकडे तो बसला, अर्ध्या तासात बाह्या आखूड, कमरेला चिमटी, वर एक तुटलेली चेन बदलून. शिंप्याने न विचारता आतला खिसा पण शिवला. शुक्रवारी कॉलेजबाहेर मापात बसलेले जे कपडे बघितले होते त्याचं उत्तर हे. फॅशन म्हणजे इथे विकत घ्यायची गोष्ट कमी आणि निवडायची, उसवायची, बसवायची जास्त. बजेट पाचशे रुपये असलं की माणूस कापड ओळखायला शिकतो. कोरियन मालिका आणि गाण्यांचा प्रभाव आहेच, तो ईशान्येत आपल्या खूप आधी आला, मणिपूरमध्ये २००० साली बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमावर बंदी घातली आणि त्या रिकाम्या जागेत कोरियन चॅनल शिरलं तिथपासून. पण कोरियन कॉपी म्हणून सोडून द्यावं असं नाहीये हे. मी एका मुलीच्या अंगावर जैनकिर्शाचं आखूड जॅकेट बघितलं. जैनकिर्शा म्हणजे बाजारातल्या बायका कपडे मळू नयेत म्हणून खांद्याला गाठ मारून घालतात ते चौकटीचं कापड. आईच्या स्वयंपाकाच्या कापडाचं पोरीने जॅकेट केलं आणि खाली फाटकी जीन्स. बाजारातली एक काँग तिला बघून काहीतरी बोलली आणि आजूबाजूच्या सगळ्या खो खो हसल्या, पण मग तिला जवळ बोलावून शिवण तपासून पण बघितली.

दुपारी जादोह, म्हणजे डुकराच्या मांसात शिजवलेला लालसर भात, सोबत काळ्या तिळातलं पोर्क आणि तुंगताप नावाची सुक्या मासळीची चटणी. आपल्या सुकटाच्या चटणीची चुलतबहीण. मी दोन वेळा भात घेतला. शाकाहारी मंडळींनी इथे यायच्या आधी मन घट्ट करावं.

संध्याकाळी, म्हणजे चारला, पोलीस बाजार. याला खासीत खिंडायलाड म्हणतात. चौकात गाणं चालू होतं, आणि मला वाटलं की कोणीतरी हौशी बसलेत, तर हे सरकारी निघालं. राज्य सरकारची ग्रासरूट्स म्युझिक प्रोजेक्ट म्हणून स्कीम आहे, स्थानिक कलाकारांनी सार्वजनिक जागी गायचं आणि सरकार त्यांना मानधन देतं. मुख्यमंत्री कॉनरॅड संगमा स्वतः गिटार वाजवतात, आयर्न मेडनचा तुकडा वाजवतानाचा त्यांचा व्हिडिओ तुम्ही कधीतरी बघितला असेल, त्यामुळे असेल कदाचित. आपल्याकडे रस्त्यावर कोणी गिटार घेऊन बसलं तर पहिला प्रश्न परवानगीचा येतो. इथे साउंड सिस्टिम चांगली, मॉनिटर पण लावलेले, आणि समोर भाजीच्या पिशव्या घेतलेले लोक थांबून ऐकतायत, कोणी नाचत नाही, टाळ्या बेताच्या, पण चुकलं की लगेच कळतं त्यांना. एकदा बास थोडा खाली सरकला तर माझ्या शेजारच्या आजीने भुवया वर केल्या. आजीने! पिशवीतून कोबी बाहेर येतोय आणि भुवया बासच्या पिचवर.

त्या आजीच्या भुवया कुठून आल्या ते दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवार

रविवारी शिलाँग बंद. दुकानं बंद, बडा बाजार बंद, टॅक्सी शोधायला लागते. टुरिस्ट लोक याच दिवशी चेरापुंजीला पळतात. काँग म्हणाली चर्चला येताय का, मी म्हटलं आम्ही हिंदू, ती म्हणाली गाणं ऐकायला येताय का असं विचारतेय.

मौखारचं प्रेस्बिटेरियन चर्च, इथल्या जुन्या चर्चपैकी. थोडा इतिहास सांगायलाच पाहिजे. थॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी १८४१ मध्ये चेरापुंजीला आला, त्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहिली. वेल्श लोक म्हणजे गाण्यातच जगणारे, त्यांच्या चर्चचा अर्धा कारभार समूहगायनावर, आणि त्या मिशनबरोबर इथे टॉनिक सोल्फा, म्हणजे अक्षरांनी सूर लिहायची पद्धत, आलं. काँगने आपलं गाण्याचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि मी बघतच राहिले. पाच रेघांचं पाश्चात्त्य स्टाफ नोटेशन नाहीच. नुसती अक्षरं. डी, आर, एम, एफ, एस, एल, टी. मधे विसर्गासारख्या टिंबांच्या जोड्या आणि रेघा, त्यावरून मात्रा कळतात. चार ओळी एकाखाली एक, सोप्रानो, आल्टो, टेनर, बास. आणि डो जिथे ठरवाल तिथे, म्हणजे आपला सा! पट्टी बदलली तरी अक्षरं तीच. ज्यांनी भातखंडे पद्धतीने सारेगम लिहून शिकलंय त्यांना हे पुस्तक दहा मिनिटांत वाचता येईल, मी लहानपणी गांधर्वच्या दोन परीक्षा दिल्यात त्या एवढ्या वर्षांनी कामाला आल्या. इंग्लंडमध्ये १९ व्या शतकात जॉन कर्वेनने ही पद्धत पक्की केली, छापायला साधे टाइप पुरतात, महागडं संगीताचं छपाईकाम लागत नाही, पियानो नसला तरी चालतं. डोंगरातल्या गावात न्यायला याहून सोयीचं काय.

मग गाणं सुरू झालं. मी कॉयर म्हणजे पुढे झगे घातलेली वीस माणसं असं समजत होते. इथे सगळं चर्चच कॉयर. मागच्या बाकावरचा बारा वर्षांचा पोरगा आल्टो गातोय, त्याच्या पलीकडे शंभर किलोचे एक बाह बास, कुठल्याही सूचनेशिवाय चार भाग आपोआप वेगळे झाले आणि छताला जाऊन भिडले. भाचा, जो रात्री दोनला झोपतो आणि ज्याला मी अक्षरशः ओढून आणलं होतं, तो ताठ बसला. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, मावशी हे लोक क्लिकशिवाय, म्हणजे कानात टिकटिक नसताना, एवढे टाइट कसे?

तर असं आहे. शिलाँगमध्ये पोरगं बँड करायच्या आधी दहा-बारा वर्षं दर रविवारी हार्मनी गाऊन आलेलं असतं. फुकट, चुकलं तर शेजारच्या आत्यासमोर चुकून. कॅफेतल्या त्या चार मुलींनी माइकशिवाय कोरियन गाणं चार भागांत म्हटलं ते कुठून, चौकातल्या आजीला बासचा पिच का टोचला, सगळं इथून. रॉक, ब्लूज, रॅप, हे त्यावर चढवलेले मजले. शिलाँग चेंबर कॉयर २००१ ला नील नाँगकिन्रिह यांनी सुरू केलं, ते लंडनमधली पियानोची कारकीर्द सोडून परत आलेले, २०१० ला टीव्हीवरचा इंडियाज गॉट टॅलेंट शो जिंकून कॉयर घराघरात पोचलं आणि त्याच वर्षी ओबामांसमोर गायलं. नील २०२२ च्या जानेवारीत मुंबईत गेले. तेव्हा आपल्याकडे बातम्यांमध्ये चमत्कार वगैरे शब्द वापरले होते त्या कॉयरसाठी, मौखारला दीड तास बसल्यावर मला ते चमत्कार वाटेनासं झालं, उलट असे पन्नास कॉयर का नाहीत असं वाटलं.

आपल्याकडे याला समांतर काय म्हणून आम्ही दोघं दुपारभर भांडलो. भाच्याचं म्हणणं ढोलताशा पथक. पंधरा-सोळाची पोरं, फुकट, महिना-दोन महिने नदीकाठी रोज सराव, ताल अंगात मुरतो. बरोबर आहे, पण पथकात शंभर जण एकच गोष्ट वाजवतात, चार वेगळ्या गोष्टी एकमेकांना ऐकत नाहीत. आणि भजनी मंडळात पोरं जात नाहीत. तो म्हणाला तू जा. विषय संपला.

सगळे खासी ख्रिश्चन नाहीत हेही सांगायला हवं, १८९९ ला स्थापन झालेली सेंग खासी ही संघटना मूळ धर्म आणि नाच-ढोल टिकवून आहे, वसंतात त्यांचा मोठा नाच असतो. काँगच्या नवऱ्याची आई त्यातली. घरात दोन्ही चालतं. संध्याकाळी जेवणानंतर त्या हॉलमधल्या गिटारी खाली आल्या, आजींनी खासी लोकगीत म्हटलं, मुलगा दुइतारा घेऊन बसला, चार तारांचं लाकडी वाद्य, आवाज कोरडा आणि टणक. दुइतारा बनवणारे रिसिंगबोर कुरकालांग यांना २०२३ ला पद्मश्री मिळाली तेव्हापासून पोरांनी परत घ्यायला सुरुवात केलीय असं त्याचं म्हणणं. भाच्याने फोनवर रेकॉर्ड करू का विचारलं, आजींनी आधी केस नीट केले. ऑडिओ आहे आजी, म्हटलं तरी केले.

सोमवार

सकाळी री-भोई जिल्ह्यात उमडेनला जाऊन आलो, एरी रेशीम बघायला. इथे त्याला रिंडिया म्हणतात. अळीला न मारता, पतंग बाहेर पडल्यावर कोशातून सूत काढतात, म्हणून धागा तुटक आणि कापड जरा खरखरीत, लोकरीच्या जवळ जाणारं. हळद आणि लाखेचे रंग. विणणाऱ्या बहुतेक पन्नाशीच्या पुढच्या. डॅनिएल सिएमसारख्या डिझायनरने हे कापड परदेशी रॅम्पवर नेलं, शिलाँगमध्ये २००८ पासून निफ्ट ही फॅशनची सरकारी संस्था आहे, तिथली पोरं इकडे येतात, पण माग घेऊन बसायला तरुण मुलगी तयार नाही असं एका काँगने स्पष्ट सांगितलं. एक शाल विणायला किती दिवस लागतात आणि किती मिळतात हे ऐकल्यावर मलाही नसतं वाटलं. मी एक मफलर घेतला, भाव केला नाही.

संध्याकाळी मावलाईमध्ये शुक्रवारच्या त्या रॅपवाल्यांच्या घरी. स्टुडिओ म्हणजे मोठ्या भावाची खोली, भिंतीला गाद्या टेकवलेल्या, माइकसमोर जुना पायमोजा ताणून बसवलेली तार. पैशांचं विचारलं. चौकातल्या सरकारी गाण्याचे मिळतात, लग्नात इंग्लिश कव्हर गायचे मिळतात, चर्चचे अर्थातच नाही, रॅपचे शून्य. थोरला दिवसा मोबाइलच्या दुकानात. मोठे फेस्टिवल आले की त्यांना दुपारी दोनचा स्लॉट, उन्हात, लोक अजून पार्किंग शोधत असताना. पण तो म्हणाला दुपारी दोनला का होईना, तोच साउंड, तीच स्टेज, पुढच्या वेळी चार. एनएच७ २०१५ ला पहिल्यांदा शिलाँगला आला तेव्हा तो शाळेत होता, कुंपणाबाहेरून ऐकलं. मी म्हटलं तो आमच्या पुण्याचा. त्याला हे माहीत नव्हतं, आणि फार फरकही पडला नाही.

पाच तास तिथे. भाच्याने आजींच्या गाण्यातला दुइताऱ्याचा तुकडा कापून त्यावर बीट बसवला, धाकट्याने आठ ओळी लिहिल्या, त्याआधी आजींना फोन करून विचारलं चालेल का. आजींनी विचारलं शिव्या आहेत का. एक आहे म्हणाला. काढ म्हणाल्या.

मंगळवार

परतीची सुमो. ड्रायव्हर पंचविशीतला, केस मानेपर्यंत, स्टिअरिंगवर बोटांनी ताल. चर्चमध्ये बास गिटार वाजवतो म्हणाला. भाचा पुढच्या सीटवर, त्याने लगेच कालचं गाणं लावलं. उमियमपर्यंत ड्रायव्हर काही बोललाच नाही. मग म्हणाला रॅप चांगलंय, दुइतारा कोणाचा, आणि किक, म्हणजे मोठा ड्रम, आणि बास एकमेकांच्या अंगावर पडलेत, खाली सगळा चिखल झालाय. भाचा म्हणाला गाडीच्या स्पीकरमुळे असेल. ड्रायव्हरने मान हलवली, स्वतःचा फोन जोडला, कॉयरचं एक रेकॉर्डिंग लावलं, आणि त्याच स्पीकरवर बासची ओळ अशी स्वच्छ वेगळी ऐकू आली की मागच्या सीटवरचे दोन व्यापारी पण गप्प झाले.

भाच्याने मांडीवर लॅपटॉप उघडला. नाँगपोहला चहाला गाडी थांबली तेव्हा तो उतरला नाही, ईक्यू, म्हणजे खालच्या-वरच्या सुरांचं प्रमाण, नीट करत बसला होता, आणि ड्रायव्हर चहाचा कप घेऊन खिडकीतून सांगत होता, अजून थोडं काढ, अजून.